टाळ चिवचिवतात, जोड कळतो: भजनाचं रेकॉर्डिंग कापताना, जोडताना, मिक्स करताना

माउली, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गावच्या भजनी मंडळाचा काकडा आणि हरिपाठ रेकॉर्ड केलाय. एक रेकॉर्डिंग साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून पेनड्राइव्हवर, दुसरं मोबाईलवर, दोन्ही साधारण दीड तासाची. त्यातले चांगले झालेले अभंग वेगळे काढून यूट्यूबवर टाकायचेत, मंडळाच्या ग्रुपवर द्यायचेत. तुम्ही मोबाईलवरच्या एका अ‍ॅपमध्ये कापाकापी केली, नॉइज काढला, दोन तुकडे जोडले, तर टाळ चिवचिवायला लागले, बुवांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतोय आणि जोड कुठे आहे ते लहान पोरालाही कळतंय. आता भाचा म्हणतोय एफएल स्टुडिओ घ्या, कोणी म्हणतंय ऑडिशन घ्या, ऑडॅसिटी जुनाट आहे. आणि शेवटी विचारलंय की आधीच्या बुवांची एक जुनी कॅसेट एमपीथ्री करून ठेवलीय, तीही यात घालता येईल का.

मी छोटा स्टुडिओ चालवतो, डबिंग आणि व्हॉइसओव्हरचं काम जास्त, पण कीर्तन-भजनाची रेकॉर्डिंगं साफ करून द्यायचं काम दर वर्षी कार्तिकापासून माघापर्यंत येतंच. त्यावरून सांगतो. तुमचा खरा प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचा नाहीये. तीन गोष्टी झाल्यात: एमपीथ्रीवर परत परत एमपीथ्री केलंय, नॉइज रिडक्शन टाळांवर चालवलंय, आणि कापलंय ते ठेका बघून नाही तर लाटेचं चित्र बघून. याच तीन गोष्टी महागड्या सॉफ्टवेअरमध्ये केल्या तरी हेच होईल.

तरी सॉफ्टवेअरचं आधी निकालात काढतो, नाहीतर खाली कोणीतरी तेवढंच विचारत बसेल.

ऑडॅसिटी घ्या. आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलं, २००० मध्ये लोकांसाठी आलं, त्यामुळे वय आहे त्याला, पण जुनाट म्हणणाऱ्याने बहुतेक दहा वर्षांपूर्वीचं व्हर्जन बघितलेलं असतं. तेव्हा एक प्रोजेक्ट सेव्ह केलं की शेजारी एक डेटाचं फोल्डर व्हायचं, कोणीतरी ते फोल्डर डिलीट करायचं आणि सगळं काम बोंबलायचं. २०२१ च्या ३.० पासून सगळं एकाच फाइलमध्ये राहतं. २०२२ च्या ३.२ पासून इफेक्ट गाणं चालू असताना लावून ऐकता येतात आणि नको वाटला तर काढून टाकता येतो, हा फार मोठा बदल आहे, आधी इफेक्ट लावला की लाटच कायमची बदलायची. २०२१ मध्येच म्यूझ ग्रुपने ते विकत घेतलं तेव्हा वापरणाऱ्यांची माहिती गोळा करणार म्हणून बराच गदारोळ झाला होता, टेलिमेट्रीचा तो प्रस्ताव मग त्यांनी मागे घेतला. मी अजूनही वापरतो. फक्त त्यांच्याच साइटवरून उतरवून घ्या, सर्च केल्यावर वर जाहिरातीत दिसणाऱ्या भलत्या लिंकवरून नको.

एफएल स्टुडिओ चांगलं आहे पण ते बीट बनवणाऱ्यांचं हत्यार आहे, डीजेवाल्या पोरांना विचारा, ते फिदा असतात. दीड तासाच्या भजनातून अभंग काढायला त्याचा काही उपयोग नाही. ऑडिशन म्हणजे पूर्वीचं कूल एडिट प्रो, २००३ मध्ये अडोबीने घेतलं आणि नाव बदललं. आमच्या पिढीतले बरेच रेकॉर्डिस्ट कूल एडिटवरच शिकले. अप्रतिम आहे, पण भाडं भरत राहावं लागतं, आणि वर्षातून चार रेकॉर्डिंगं करणाऱ्या मंडळाला ते कशाला. हां, उद्या तुम्ही आठ-आठ माइकचे वेगळे ट्रॅक रेकॉर्ड करायला लागलात तर रीपर बघा. ते विनॅम्प हा जुना एमपीथ्री प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कंपनीचं आहे, ६० दिवस पूर्ण वापरून बघायला देतात आणि घरगुती किंवा छोट्या कामासाठी लायसन ६० डॉलर. मल्टिट्रॅकसाठी मला ते ऑडॅसिटीपेक्षा सरस वाटतं. पण तुमच्याकडे आज दोन फाइली आहेत, आठ नाहीत.

आता मुद्द्याचं.

तुमच्या फाइलीचा प्रवास बघा. साऊंडवाल्याच्या मिक्सरने पेनड्राइव्हवर एमपीथ्री बनवली, हे पहिलं दाबणं. तुम्ही अ‍ॅपमध्ये ती उघडून कापलीत आणि सेव्ह केलीत, अ‍ॅपने परत एमपीथ्री केली, दुसरं. मग दोन तुकडे जोडून सेव्ह केलेत, तिसरं. मग फोटो लावून व्हिडिओ बनवला, त्या अ‍ॅपने आवाज एएसीमध्ये (एमपीथ्रीसारखाच दाबायचा दुसरा प्रकार) दाबला, चौथं. आणि यूट्यूब त्याच्याकडे आलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा दाबतंच, पाचवं. एमपीथ्री करताना कानाला कमी जाणवणारा भाग टाकून दिला जातो, आणि टाकलेला भाग परत येत नाही. बोलण्याच्या आवाजात हे चार वेळा झालं तरी माणूस चालवून घेतो. टाळात नाही चालत.

टाळातच का, ते समजून घ्या कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून दाबते, ४४१०० च्या सँपल रेटला (सेकंदाला आवाजाची तेवढी मापं, एकेक माप म्हणजे सँपल) असा एक तुकडा, म्हणजे फ्रेम, ११५२ सँपलची म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांची असते. टाळ वाजतो तो क्षण एकदम धारदार असतो, शांततेतून एका क्षणात पूर्ण आवाज, आणि मग वरच्या पट्ट्यात, कितीतरी हजार हर्ट्झपर्यंत, लांबत जाणारी किणकिण. फ्रेममध्ये टाळ मध्येच कुठेतरी वाजला तर दाबण्यातून निघालेली घाण त्या वाजण्याच्या आधीच्या भागातही पसरते, म्हणून टाळाच्या अगदी अलीकडे बारीकसं फस्स ऐकू येतं. एन्कोडर, म्हणजे दाबणारी सॉफ्टवेअरं, यावर उपाय करतात, तुकडे लहान करतात, पण बिटरेट (सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) कमी असला की त्यांचाही नाइलाज होतो. आणि मागची किणकिण त्यांना महाग पडते म्हणून ती जमेल तशी उरकतात, त्यातून ती चिवचिव. एकाच टाळाचं हे, तुमच्याकडे पंधरा-वीस टाळकरी उभे आहेत.

म्हणून नियम एकच, मूळ फाइलला हात लावायचा नाही, मधलं सगळं काम वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाइलमध्ये, आणि एमपीथ्री अगदी शेवटी एकदा. वेव्ह मोठी असते म्हणून लोक घाबरतात. ४४१०० ला १६ बिट स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी, दीड तासाचे ९५० एमबीच्या आसपास. ऑडॅसिटी आतल्या आत ३२ बिटमध्ये काम करतं, म्हणजे त्याच्या दुप्पट, आणि तुमचे दोन ट्रॅक. चार जीबी झाले समजा. आजकाल लग्नाच्या व्हिडिओचं एक पेनड्राइव्ह यापेक्षा मोठं असतं, तेव्हा डिस्कवर जागा करा. आणि प्रोजेक्टची जी फाइल असते ती गाणं नाही, ती ग्रुपवर पाठवून 'उघडत नाही' म्हणून फोन करणारे मला दर सीझनला भेटतात.

मिक्सरने एमपीथ्रीच दिली असेल तर ते पहिलं दाबणं आता टळत नाही, पण पुढची दोन टळतात. कुठल्या एमपीथ्रीचं नुसतं पुढचं-मागचं कापायचं असेल, बाकी काही करायचं नसेल, तर विंडोजवर एमपीथ्रीडायरेक्टकट नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते परत न दाबताच फ्रेमच्या हद्दीवर कापतं. प्रवचनं कापायला मी तेच वापरतो.

मोबाईलची फाइल बहुतेक एमफोरए प्रकारची असणार, नावाच्या शेवटी तसं दिसेल. ऑडॅसिटीने ती उघडायला नकार दिला तर घाबरू नका, एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी टाकावी लागते, ऑडॅसिटीच्या मदतीच्या पानावर कशी टाकायची ते दिलंय, पाच मिनिटांचं काम. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून केलेलं रेकॉर्डिंग असेल तर ते कृपा करून वापरू नका, ते बोलण्यासाठी बनवलेलं आहे, टाळ-पखवाजासाठी नाही.

आता दोन रेकॉर्डिंगं आहेत याबद्दल. हे तुमचं नशीब समजा, बहुतेक मंडळांकडे एकच असतं. मिक्सरवर काय येतं? ज्यांच्यापुढे माइक आहे ते. बुवा, पेटी, पखवाज, फार तर विणेकरी. टाळकऱ्यांना माइक कोणी देत नाही, द्यायची गरजही नसते, ते मंडप दणाणून सोडतात. म्हणजे पेनड्राइव्हवर बुवा स्पष्ट, पखवाज भरदार, पण सगळं कोरडं, भजन चाललंय असं वाटतच नाही, चार माणसं खोलीत बसल्यासारखं. मोबाईलवर उलटं, टाळ आणि मागचा कोरस भरपूर, बुवांचे शब्द हरवलेले, पखवाजाचा खालचा आवाज नुसता धबधब. तेव्हा मिक्सरचं रेकॉर्डिंग मुख्य धरायचं आणि मोबाईलचं त्याखाली हळूच मिसळायचं. किती, ते मंडपावर आणि मोबाईल कुठे ठेवला होता त्यावर आहे. मी मोबाईलचा ट्रॅक पूर्ण बंद करून सुरुवात करतो, हळूहळू वर घेतो, आणि बुवांचे शब्द जिथे पुसट व्हायला लागतात तिथून थोडा मागे येतो.

पण त्याआधी दोन्ही एका वेळेवर आणायला पाहिजेत. नवीन प्रोजेक्टमध्ये रेट ४८००० ठेवा, व्हिडिओला तोच लागतो, दोन्ही फाइली इम्पोर्ट करा, एकाखाली एक दिसतील. सुरुवातीचा एखादा सुटा टाळ किंवा पखवाजाची एकटी थाप शोधा, जिच्या आजूबाजूला काही नाही. झूम करत जा, इतकं की सेकंदाचा शंभरावा भाग दिसेल. दोन्ही ट्रॅकवर ती एकच टोकदार रेघ दिसेल, खालचा क्लिप सरकवून वरच्याखाली आणा. मग हेडफोन लावून ऐका. थाप दोनदा ऐकू आली, टप-टप, तर अजून सरकवायचंय. मोबाईल लांब असेल तर आवाज त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो, हवेतून मीटरला साधारण ३ मिलिसेकंद, म्हणजे दहा मीटरवर मंडपाच्या टोकाला ठेवला असेल तर ३० मिलिसेकंद, एवढं कानाला जाड वाटायला पुरतं, म्हणून घड्याळाच्या वेळेवर विश्वास न ठेवता थापेवरच जुळवायचं.

सुरुवात जुळली म्हणजे झालं असं समजून लोक इथे फसतात. शेवटाला जाऊन बघा, टाळ डबल ऐकू येतील. कारण मिक्सरचं आणि मोबाईलचं आतलं घड्याळ अगदी सारखं चालत नाही. दहा लाखात वीसचा फरक म्हणजे काहीच नाही वाटतो, पण दीड तासात तो शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो. काही जण एका ट्रॅकचा स्पीड टक्क्याच्या हजाराव्या भागाने बदलून जुळवतात, तेही बरोबर आहे. मी त्यापेक्षा मोबाईलचा ट्रॅक दर अभंग संपल्यावर तोडतो आणि प्रत्येक अभंगाची पहिली थाप नव्याने जुळवतो. पाच-सात मिनिटांच्या अभंगात घसरलं तरी ते ऐकू येण्याइतकं घसरत नाही. तसंही तुम्हाला अभंग वेगळेच काढायचेत, एका कामात दोन कामं.

अभंग शोधायला दीड तास कान लावून बसा आणि चालू असतानाच खुणा करत जा. कंट्रोल दाबून एम दाबलं की त्या जागेवर लेबल पडतं, तिथेच अभंगाचं पहिलं चरण टाइप करा, मराठीत टाइप केलं तरी चालतं. शेवटी या लेबलांवरूनच सगळे अभंग वेगवेगळ्या फाइली म्हणून एकदम बाहेर काढता येतात, फाइलींना नावंही तीच लागतात. हे ज्यांना माहीत नसतं ते एकेक अभंग सिलेक्ट करून संध्याकाळ घालवतात.

आता कापायचं कुठे. तुम्ही लाट जिथे बारीक दिसते तिथे कापलंय, बरोबर ना? बोलण्यात ते बरोबर असतं. भजनात लाट बारीक दिसते ती दोन टाळांच्या मधली जागा, आणि तिथे आधीच्या टाळाची किणकिण अजून चालू असते. ती अर्ध्यात तोडली की कान लगेच पकडतो, कारण निसर्गात टाळ असा मधेच गप्प होत नाही. म्हणून जोड टाळ वाजायच्या किंचित आधी ठेवायचा, शक्यतो समेवर जिथे पखवाज आणि टाळ एकदम पडतात. त्या आघाताखाली जोड झाकला जातो. मी कर्सर आघाताच्या ५ ते १० मिलिसेकंद अलीकडे नेतो, झेड दाबतो म्हणजे ऑडॅसिटी स्वतःच लाट शून्यातून जाते ती जागा पकडतं आणि कापल्यावर टिक असा आवाज येत नाही, मग कंट्रोल आणि आयने तोडतो. पुढचा तुकडाही तसाच, समेच्या तेवढ्याच अलीकडे. दोन्ही जोडून मध्ये १०-१५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे पहिला तुकडा विरत जातो तेव्हाच दुसरा वर येतो. यापेक्षा लांब क्रॉसफेड टाकला तर दोन ठेके एकमेकांत घुसतात आणि पखवाजवाला चुकल्यासारखा वाटतो, बिचारा चुकलेला नसताना.

अजून एक, जे सॉफ्टवेअर सांगणार नाही. भजनाची लय चढत जाते. अभंगाचं पहिलं कडवं आणि शेवटचा गजर यांच्या लयीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मधली दोन कडवी बिघडली म्हणून ती काढून पहिल्याला थेट गजर जोडलात तर जोड कितीही सफाईदार केला तरी गाडीने झटका दिल्यासारखं होणार. काढायचंच असेल तर जिथली लय सारखी आहे तिथलंच एक आवर्तन, म्हणजे ठेक्याची समेपासून समेपर्यंतची एक फेरी, काढा, पूर्ण आवर्तन, अर्धं नाही. दोन वेगळ्या दिवसांचे तुकडे जोडायचे असतील तर पेटी बघा. काकड्याला एक पेटी आणि हरिपाठाला दुसरी असेल तर दोन्ही काळी एकच्या म्हटल्या तरी किंचित वर-खाली असतात, सरळ चिकटवलं की दुसरा तुकडा बेसूर वाटतो. तिथे जोडण्याच्या भानगडीत न पडता मध्ये तीन-चार सेकंद सोडा. आणि ते सेकंद सॉफ्टवेअरच्या शुद्ध शांततेचे नकोत, मंडपाची स्वतःची जी हवा असते, खोकला, कुजबुज, लांबचा जनरेटर, त्यातला तुकडा कॉपी करून तिथे टाका. पूर्ण शांतता आली की ऐकणाऱ्याला मोबाईल बंद पडला असं वाटतं.

नॉइजचं. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही दोन्हीवर एकच औषध मारलंय. मिक्सरच्या ट्रॅकवर जी सतत घूं आहे ती लाइटची हमिंग, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती ५० वर, आणि तिच्या पटीत १००, १५० वर असते. त्याला नॉइज रिडक्शन नको, नॉच फिल्टर लावा, नेमक्या त्या त्या जागेवर, अरुंद. सरसकट खालचं सगळं कापायचा हाय-पास फिल्टर मिक्सरच्या ट्रॅकवर लावू नका, व्हॉइसओव्हरवाले यूट्यूबवर सांगतात की ८० च्या खालचं उडवा, ते त्यांच्या कामाला बरोबर आहे, तुमचा पखवाजाचा धुमा, ज्याला कणीक लावतात ती बाजू, त्याचा सगळा दम तिथेच खाली आहे. तो उडवला की पखवाज डबा वाजवल्यासारखा होतो. मोबाईलच्या ट्रॅकवर मात्र १५० च्या खालचं खुशाल उडवा, तिथे नुसता वारा आणि धबधब आहे, पखवाजाचा खालचा आवाज आपल्याला मिक्सरच्या ट्रॅकवरून मिळतोयच. ही एक गोष्ट केलीत तरी निम्मा गढूळपणा जाईल.

जनरेटरची घरघर मोबाईलच्या ट्रॅकवर फार असेल तरच नॉइज रिडक्शन. नॉइजचा नमुना घेताना भजन सुरू व्हायच्या आधीचा असा तुकडा निवडा ज्यात माणसं बोलत नाहीत, फक्त घरघर. मग कपात ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप), जास्तीत जास्त ९. तुम्ही अ‍ॅपमध्ये बहुतेक शेवटपर्यंत ओढलं असणार. त्या डब्यातच रेसिड्यू नावाचं बटण असतं, ते निवडून ऐका, म्हणजे तुम्ही जे फेकून देताय ते ऐकू येतं. त्यात फक्त घरघर आली तर ठीक. त्यात टाळांची किणकिण किंवा बुवांच्या शब्दांचे स-श ऐकू आले तर तुम्ही भजनच फेकताय. टाळाची विरत जाणारी किणकिण आणि हिस्स यात सॉफ्टवेअरला फारसा फरक कळत नाही, दोन्ही वरच्या पट्ट्यात पसरलेले, म्हणून ते शेपटी खातं आणि मध्ये मध्ये सोडतं, तोच तो पाण्याखालचा आवाज. थोडी घरघर राहिली तर राहू द्या, पहाटेच्या काकड्याला जनरेटर असतोच, कोणी तक्रार करत नाही.

एआयवाल्या स्टेम, म्हणजे गाण्यातले एकेक आवाज, वेगळे करणाऱ्या टूलबद्दल कोणीतरी विचारणारच. मेटाचं डेमक्स वगैरे गाण्याचे गायन, ड्रम, बेस आणि बाकीचं असे चार भाग करतं. सिनेमाच्या गाण्यावर भारी चालतं. भजनावर मला समाधान मिळालं नाही, टाळ कधी ड्रममध्ये जातात कधी बाकीच्यात, आणि टाळकऱ्यांचा कोरस आणि बुवा एकाच ट्रॅकवर येतात, म्हणजे जे वेगळं हवं तेच वेगळं होत नाही. त्यामुळे पेनड्राइव्हवर बुवा आणि पेटी एकत्र मिक्स होऊन आलेत तर पेटी जास्त झाली असली तरी आता ती कमी करता येत नाही, हे मान्य करून पुढे चला.

तसंच फाटलेल्या, म्हणजे लेव्हल जास्त झाल्याने टोकं कापल्या गेलेल्या, आवाजाचं. ऑडॅसिटीत व्ह्यूमध्ये क्लिपिंग दाखवायचं बटण आहे, चालू केलं की फाटलेल्या जागी लाल रेघा येतात. अधूनमधून एखादी असेल तर दुर्लक्ष करा, किंवा क्लिप फिक्स लावून बघा. पण गजर चालू झाल्यापासून भिंत उभी राहावी तसं सगळं लाल असेल आणि लाटेची टोकं कापून सपाट झालेली दिसली तर तो भाग गेला, त्यावर वेळ घालवू नका, त्या भागापुरता मोबाईलचा ट्रॅक मुख्य करा.

आतापर्यंतचा क्रम एकदा सांगतो म्हणजे गोंधळ नको: मूळ फाइलींची कॉपी, दोन्ही इम्पोर्ट, पहिल्या थापेवर जुळवणी, ऐकत ऐकत लेबलं, अभंगागणिक मोबाईलचा ट्रॅक परत जुळवणं, हमिंग आणि मोबाईलचा खालचा भाग काढणं, मग कापणं-जोडणं, मग दोन ट्रॅकचं प्रमाण, शेवटी एक्सपोर्ट.

एक्सपोर्ट करताना आधी वेव्ह. सर्वात वरचं टोक उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. आवाज मोठा वाटावा म्हणून लिमिटर लावून सगळं ठासून भरायचा मोह होतो, करू नका, यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या (एकूण आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) वरचं स्वतःच खाली आणतं, म्हणजे तुम्ही ठासलेलं शेवटी तेवढ्याच मोठ्या आवाजात वाजणार, फक्त चेपलेलं. व्हिडिओ बनवताना ही वेव्हच द्या, एमपीथ्री नाही. ग्रुपवर द्यायला त्याच वेव्हवरून २५६ बिटरेटची एमपीथ्री काढा, १२८ वर टाळ मरतात, आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे फाइल आहे तशी जाते. पाठवायच्या आधी हेडफोन काढा आणि मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर एकदा ऐका, मंडळातले ऐंशी टक्के लोक त्यावरच ऐकणार आहेत. बुवांचे शब्द तिथे कळले पाहिजेत, पखवाज तिथे कमीच येणार.

पुढच्या वेळी रेकॉर्ड करतानाच थोडं बघा. साऊंडवाल्याला आधी सांगा की पेनड्राइव्हवर वेव्ह होत असेल तर वेव्ह करा आणि लेव्हल उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, भजनाच्या सुरुवातीला ती कमी वाटेल, पण गजराला ती जागा लागते. १६ बिटमध्ये सुद्धा ९६ डीबीची उंची असते, हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. आणि भजन संपल्यावर आधी रेकॉर्डिंग स्टॉप, मग पेनड्राइव्ह काढायचा. आवराआवरीत कोणीतरी तसाच उपटतं आणि फाइल उघडत नाही. असं झालंच तर फाइल वेव्ह असेल आणि तिचा साइज शून्य नसेल तर ऑडॅसिटीत रॉ डेटा म्हणून इम्पोर्ट करून बघा, फक्त फाइलचं तोंड लिहायचं राहिलेलं असेल तर आतला आवाज बऱ्याचदा सापडतो. मोबाईल टाळकऱ्यांच्या पुढ्यात ठेवू नका, त्यांच्यापासून लांब आणि उंचावर, खांबाला बांधला तर उत्तम. मोबाईलचं रेकॉर्डर आवाज आपोआप वर-खाली करतं, टाळ सुरू झाले की बुवांना दाबतं आणि टाळ थांबले की मंडपातली कुजबुज वर काढतं. हे ऑटो गेन बंद करता येणारं अ‍ॅप घ्या. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ही वर-खाली काढणं फार जिकिरीचं.

आता कॅसेट. घाला, पण आजच्या अभंगाला चिकटवू नका आणि तिला आजच्यासारखी चकचकीत करायला जाऊ नका. वेगळी ठेवा, सुरुवातीला किंवा शेवटी. तिच्यात एक गोष्ट नक्की तपासा, स्पीड. टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल झाला की सगळं खाली जातं, मोटर जोरात असली की वर, आणि आपल्याला ते लक्षात येत नाही कारण ते बुवा आता समोर नाहीत. मोबाईलवर ट्यूनरचं अ‍ॅप लावून पेटीचा सा किती आहे बघा. जवळच्या काळी-पांढरीपासून थोडा सरकलेला असेल तर चेंज स्पीड वापरून जागेवर आणा, चेंज पिच नको, कारण टेपचा दोष असतो तेव्हा लय आणि सूर दोन्ही सोबतच सरकलेले असतात. अर्ध्या पट्टीचा फरक म्हणजे साधारण ६ टक्के, तुमची दुरुस्ती बहुतेक २-३ टक्क्यांत होईल. ट्यूनर जर थेट काळी दोनवर व्यवस्थित बसत असेल आणि मंडळातले जुने लोक म्हणत असतील की बुवा काळी एकमध्ये गायचे, तर लगेच खाली ओढू नका. अभंगांच्या मध्ये बुवा चार वाक्यं बोलले असतील तिथलं बोलणं ऐका. ते घाईघाईत, बारीक आवाजात वाटलं तर टेप जोरात पळतीय. बोलणं नेहमीसारखं वाटलं तर बुवा त्या दिवशी खरंच काळी दोनमध्ये गायले होते.